पाव्हण्यांचं विमान

माणसाने एका गावात किती दिवस पाहुणा म्हणून राहावं याचं काही शास्त्र असेल, तर ते मला कुणीतरी दाखवावं. कुंडलच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला वरची बोरमाळ नावाचं गाव आहे, आणि तिथे मी एकोणीस वर्षं पाहुणा होतो. माझं रेशनकार्ड तिथलं, मतदान तिथलं, गुडघ्याचं दुखणंसुद्धा तिथल्याच देवळाच्या पायऱ्यांनी दिलेलं. तरी मी रस्त्याने निघालो की पारावरची माणसं सावरून बसायची आणि म्हणायची, "या पाव्हणं, बसा." लगेच कुणीतरी आत पळायचं आणि खुर्ची आणायचं. बाकी सगळे पारावर मांडी घालून, आणि मी एकटा प्लास्टिकच्या खुर्चीत, सत्काराला आल्यासारखा.

कारण साधं आहे. मी मूळचा वडूजचा. एअरफोर्समध्ये एकवीस वर्षं विमानांचे सांगाडे आणि पंख दुरुस्त केले. निवृत्त झालो तेव्हा क्रांतीचे, म्हणजे माझ्या बायकोचे, आईवडील थकले होते. तिला भाऊ नाही, म्हणून आम्ही तिच्या गावी राहायला आलो. घरजावई हा शब्द माझ्या तोंडावर आजवर कुणी उच्चारला नाही, एवढं गाव सभ्य आहे. पण उदयसिंह हे माझं नावसुद्धा कुणी उच्चारलं नाही. पुढे सासू-सासरे गेले, ऊस मी लावतो, पाण्याची पाळी मी धरतो, कारखान्याच्या तोडणीवाल्यांशी मी भांडतो, तरी मी आपला पाव्हणं.

त्यातही मला नाथाजींचं फार लागायचं. नाथाजी हे क्रांतीचे चुलते. ऐंशीच्या घरातले, पायदळातून हवालदार होऊन आलेले. त्यांच्या तोंडात शिवी नसली तर समजावं की तंबाखू आहे. सरपंचाला शिवी, दवाखान्यातल्या डॉक्टरला शिवी, स्वतःच्या म्हशीला तर दोन वेळा धारेबरोबर. आणि त्यांनी शिवी घातली की माणसं खुशीत हसायची, कारण नाथाजी फक्त आपल्या माणसाला शिव्या घालतात हे गावाला माहीत होतं. मला त्यांनी एकोणीस वर्षांत एकही शिवी घातली नाही. एकदा चुकून मी त्यांच्या उभ्या गव्हातून ट्रॅक्टर नेला. मला वाटलं, आता तरी. तर म्हणाले, "असू द्या पाव्हणं. गहू काय, परत येतोय." त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही.

आता विमानाचं सांगतो.

रिमोटवर उडणारी छोटी विमानं करणं हा माझा नाद. हलकं लाकूड, थर्माकोल, वर प्लास्टिकचा पातळ कागद, बॅटरीवरची मोटर. दोन वर्षांपूर्वी चैत्रात भैरोबाच्या यात्रेला ओढ्यापलीकडच्या खालच्या बोरमाळवाल्यांनी भाड्याचं हेलिकॉप्टर आणलं आणि पालखीवर फुलं टाकली. वरची बोरमाळ दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. मला ते बघवलं नाही. मागच्या यात्रेत मी माझं चार फुटी विमान काढलं, पोटात शंभर ग्रॅम झेंडूच्या पाकळ्या भरल्या आणि पालखीच्या वाटेच्या कडेने अलगद सोडल्या. पाकळ्या मोजून तीन मिनिटांत संपल्या, पण गाव महिनाभर तेच बोलत होतं. "पाव्हण्यांचं विमान बघितलं का?" म्हणजे विमानाला नाव मिळालं, तेही माझ्या आडनावाच्या जागी पाव्हणं लावून. नाथाजी म्हणाले, "पाव्हणं, लय भारी." मी तोंड पाडून चहा प्यालो.

यंदा फाल्गुनात यात्रा कमिटीची बैठक झाली. मला बोलावलं, अर्थातच खुर्ची दिली. कमिटीचे अध्यक्ष नानासो. माणूस मनाने सरळ, पण माईक हातात आला की सुटत नाही, आणि नसला तरी माईक असल्यासारखाच बोलतो.

"पाव्हणं, यंदा डबल पायजे."

"काय डबल?"

"समदंच. लांबी डबल, रुंदी डबल, उंची डबल. आन् फुलं दहापट."

"नानासो, तसं होत न्हाई. विमान दुप्पट केलं की ते निस्तं दुप्पट होत न्हाई."

"आवं, तुमी खऱ्या विमानांवर काम केलेला माणूस. तुमाला काय अवघड हाय?"

मी समजावून सांगायला लागलो. पंखाच्या क्षेत्रफळावर किती वजन बसतं त्याला पंखभार म्हणतात, तो वाढला की विमानाला हवेत टिकायला जास्त वेग लागतो, वळण मोठं घ्यावं लागतं, उतरताना ते थांबत नाही. कमिटी माना डोलवत होती. पाहुणा बोलत असताना मान डोलवायची असते. बोलून झाल्यावर नानासो म्हणाले, "म्हंजे डबल होतंय तर." आणि ठराव झाला.

उठता उठता त्यांनी माझा खांदा दाबला. "इमान झोकात झालं म्हंजे यंदाचा मानाचा फेटा तुमाला. माईकवरनं. नावानिशी."

"नावानिशी?"

"नावानिशी!"

लपवण्यात अर्थ नाही. मी त्या एका शब्दावर गेलो. आमच्या यात्रेत मानाचा फेटा दरवर्षी एकाच माणसाला बांधतात आणि माईकवरून त्याचं नाव पुकारतात, ते चारी वाड्यांना ऐकू जातं. माझं वय एकोणसाठ. गुडघा दुखतो. आयुष्यात एकदा त्या भोंग्यातून उदयसिंह ऐकायचं होतं, बाकी काही नको होतं.

घरी आलो तर क्रांती भाकऱ्या थापत होती. तिला सगळं सांगितलं. ती माझ्याबरोबर चार छावण्या फिरली आहे, त्यामुळे विमानाचं तिला माझ्या वरिष्ठांपेक्षा बरं कळतं.

"त्यास्नी पंखभार कशाला सांगत बसला?" ती म्हणाली. "भाकरी सांगायची. दुप्पट रुंद भाकरी केली तर तव्यावर जागा चौपट लागंल. आन् ती दुप्पट जाड बी केली, तर पीठ किती लागंल?"

"आठपट."

"मग? पंख म्हंजे तवा, वजन म्हंजे पीठ. तवा चौपट, पीठ आठपट. कुणाला बी कळंल."

एकवीस वर्षं मला हे कुणी असं शिकवलं नव्हतं, याचा मला जरा रागच आला.

तर आता तिच्याच हिशोबाने सांगतो. पंखाची वीतभर लांब, वीतभर रुंद अशी एक चौकट धरा. माझ्या छोट्या विमानाच्या पंखात अशा पाच चौकटी, आणि फुलांसकट वजन एक किलो. म्हणजे चौकटीला दोनशे ग्रॅम. सगळं सरळ दुप्पट केलं असतं तर चौकटी वीस झाल्या असत्या आणि वजन आठ किलो, म्हणजे चौकटीला चारशे. ते मला परवडणारं नव्हतं. मी दीड महिना अक्षरशः ग्रॅमशी भांडलो. स्वयंपाकघरातला वजनकाटा कायमचा माझ्या टेबलावर गेला. लाकडात भोकं पाडली, खिळ्यांच्या जागी डिंक आला, रंगाचा एकच हात दिला. शेवटी आठ फुटी विमान पाच किलोत बसलं. वर एक किलो फुलं धरून सहा. चौकटीला तीनशे.

तुम्ही म्हणाल, छोट्याला दोनशे आणि मोठ्याला तीनशे, म्हणजे मोठं वाईट. तिथेच तर गंमत आहे. छोट्या विमानाच्या चौकटीवर तीनशे ग्रॅम टाकले तर ते हवेत राहायलाच तयार नसतं, सारखं पळवावं लागतं, जरा हळू केलं की बदकन खाली. मोठं विमान तेच तीनशे आरामात नेतं. छोटं वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला दचकतं, मोठ्याला झुळूक लागलेली कळतसुद्धा नाही. पण दोघांनाही आपापली हद्द आहे. मोठ्याची हद्द मी काढली होती साडेतीनशे. त्यापुढे मी जबाबदार नाही, असं मी वहीत लिहून खाली रेघ मारली होती.

पाडव्यानंतर माळावर नेऊन उडवलं. पहिल्यांदा मोकळं, मग एक किलो वाळूची पिशवी घालून. छोटं विमान पंधरा पावलांत उचलतं, याने चाळीस घेतली. पण वर गेल्यावर काय चाललं! घारीसारखं, पंख न हलवता, घाई नाही, गडबड नाही. वळण मोठं घेतलं, उतरताना जरा लांब पळालं, आणि माझ्यापासून दहा पावलांवर येऊन थांबलं. क्रांती म्हणाली, "छान झालंय." मग म्हणाली, "माईकवर नाव आलं की रडू नका म्हंजे झालं."

"मी कशाला रडतोय?" मी म्हणालो आणि विमान पुसायला लागलो.

यात्रेचा दिवस उजाडला. परवानगीचे कागद मी महिनाभर आधीच फिरवून आणले होते. देवळासमोरचा सरळ रस्ता दुपारपासून बंद करून घेतला, लोकांना दोन्ही बाजूंना दोरीमागे उभं केलं. रस्त्याच्या शेवटाला नाथाजींचं घर. त्यांच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत पसरली होती, मोठी ताडपत्री भरून. मी आदल्या दिवशी त्यांना म्हणालो होतो, "तेवढी हळद एका दिवसापुरती उचला." ते हसले. "पाव्हणं, इमान वरनं जाणार, हळद खाली हाय. दोघांची गाठ कशाला पडंल?" पाहुण्याशी ते वाद घालत नसत, आणि ऐकतही नसत.

चार वाजता विमान मांडवात टेबलावर ठेवलं. फुलांचं काम गुंडाकडे होतं, त्याचं हारांचं दुकान आहे. मी त्याला एक किलो पाकळ्या स्वतः मोजून दिल्या होत्या. त्याने त्या विमानात भरल्या आणि म्हणाला, "ताज्या राहाव्यात म्हणून जरा पाणी मारलंय."

"किती पाणी?"

"जरासं. बादलीभर."

मी विमान मांडवाच्या वाशाला बांधलेल्या काट्याला टांगलं. चारशे ग्रॅम पाणी. म्हटलं ठीक, चौकटीला तीनशे वीस. अजून हद्दीत आहे. मग गुंडाने खांद्यावरून शेवंतीचा हार काढला, हातभर जाड.

"नको, नको," मी म्हणालो. "फुलं आत हायत तेवढी बास."

आणि इथे मी चुकलो. पाहुणा जेवायला बसला आणि "नको, बास" म्हणाला, की आमच्याकडे त्याचा अर्थ "वाढा" असा होतो. पानावर आडवा हात धरला तर हाताच्या वरून वाढतात. मी एकोणीस वर्षं तसा जेवत आलोय, तरी ते माझ्या ध्यानात आलं नाही. गुंडा हसला, "असं कसं पाव्हणं," म्हणाला आणि हार विमानाच्या गळ्यात घातला. सहाशे ग्रॅम.

मग कमिटीने दोन्ही बाजूंना स्वतःच्या नावाचा फ्लेक्स डकवला. मी म्हणालो, "आवं, खरंच नको." तर नानासो म्हणाले, "तुमी लय संकोच करता." बायकांनी हळदकुंकवाबरोबर लिंबू-मिरची बांधली, एक शेपटीला आणि एक चाकाला. मी हात जोडले. हात जोडल्यावर त्यांना वाटलं मी देवाला जोडतोय, म्हणून एक नारळ आणून विमानाच्या पोटातल्या फुलांच्या खोक्यात ठेवला. मानाचा नारळ. सोललेलासुद्धा नाही, शेंडीचा.

तेवढ्यात लालासाहेब आले. हे दुसऱ्या भावकीतले वडीलधारे. त्यांच्या हातात काचेच्या चौकटीतला त्यांच्या वडिलांचा फोटो होता.

"पाव्हणं, आमचं तात्या जन्मभर म्हणत हुतं, एकदा इमानात बसायचंय. राहूनच गेलं बगा."

आता याला काय म्हणायचं? मी म्हणालो, "लालासाहेब, काच तरी काढूया." त्यांचे डोळे भरले. "वर वारं लागंल त्यास्नी." मी तात्यांना वैमानिकाच्या जागेवर ठेवलं.

क्रांती कोपऱ्यातून बघत होती. जवळ येऊन हळूच म्हणाली, "आवं, भांडा की. तुमच्या जागी नाथाजीकाका असतं तर आतापातूर दोघांच्या कानाखाली काढली असती."

"मी कसा भांडू? मी पाव्हणा हाय."

हे मी रागाने म्हणालो, पण खरंच होतं. गावकऱ्याला भांडता येतं, पाहुण्याला फक्त नको म्हणता येतं. मी काट्याकडे बघितलं. आठ किलो दोनशे. चौकटीला चारशे दहा. हद्द साठ ग्रॅमने मागे पडली होती. मी ठरवलं, फेटा घ्यायला माईकजवळ जाईन, माझं नाव पुकारलं की तिथूनच सगळ्या गावाला सांगीन, हे सगळं खाली उतरवल्याशिवाय विमान उडणार नाही. नाव मिळाल्यावर माणसाला तेवढा हक्क येतोच.

नानासोंनी माईक हातात घेतला. "आता ज्याची समदं गाव वाट बगतंय तो मानाचा फेटा!"

मी सदरा नीट केला.

"यंदाचा मानाचा फेटा कमिटीनं एकमतानं ठरवलेला हाय. खालच्या बोरमाळनं भाड्याचं आणलं हुतं, भाड्याचं! हे आपल्या मातीत जन्मलेलं, आपल्या गावात लहानाचं मोठं झालेलं..."

वडूजला जन्मलेला मी जरा गोंधळलो.

"...आपलं इमान! फेटा इमानाला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोघांनी येऊन विमानाच्या काचेवर, तात्यांच्या डोक्यावरून, भगवा फेटा बांधला, तुरा काढला, हातभर शेमला मागे सोडला. मग नानासो म्हणाले, "आन् हे उडवणारं, आपलं सगळ्यांचं लाडकं, पाव्हणं! टाळ्या!" आणि कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली.

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला रडू आलं आणि ते मी रागात गिळलं. ज्या विमानाला मी डिंक लावून चिकटवलं ते दीड महिन्यात गावकरी झालं, आणि मी एकोणीस वर्षांत झालो नाही. चारशे ग्रॅम फेटा. आठ किलो सहाशे. चौकटीला चारशे तीस. एकवीस वर्षांत वजनाच्या तक्त्यावर सही झाल्याशिवाय मी एकही विमान जागचं हलू दिलं नव्हतं. त्या दिवशी वही मिटली, खुर्ची पायाने बाजूला सारली आणि म्हणालो, "व्हा बाजूला. उडवतो." चूक माझी होती. ती मी कुणावर ढकलत नाही.

रस्त्यावर विमान ठेवलं आणि मोटर पूर्ण वेगात सोडली. चाळीस पावलं गेली, विमान जमिनीवरच. साठ गेली, ऐंशी गेली. लोकांना वाटलं विमान रस्त्याने मिरवायचं आहे, त्यांनी हात जोडले. एकशे दहाव्या पावलाला, नाथाजींच्या कुंपणाच्या अलीकडे, ते कसंबसं उठलं आणि हळदीवरून छातीएवढ्या उंचीने गेलं. नाथाजी दारात उभे होते. फेट्याचा शेमला त्यांच्या नाकासमोरून गेला.

वर गेलं, पण ते माझं विमान राहिलं नव्हतं. माळावर जे घारीसारखं तरंगत होतं ते आता धाप लागल्यासारखं पळत होतं. जरा वेग कमी केला की नाक टाकायचं. वळवायला गेलो तर वळेना. जोरात वळवलं की आतल्या बाजूचा पंख खाली पडायला बघायचा, आणि तो एकदा पडला की विमान फिरकीसारखं खाली येतं हे मला पक्कं माहीत. म्हणून मी दमानं, लांबलचक वळण घेतलं. ते वळण इतकं मोठं झालं की विमान ओढा ओलांडून खालच्या बोरमाळच्या शिवारात गेलं, त्यांच्या उसावरून फिरलं आणि परत आलं. आमच्या लोकांना वाटलं मी त्यांना मुद्दाम दाखवून आलो. शिट्ट्या पडल्या.

पालखीच्या कडेला आल्यावर मी फुलांचं दार उघडलं. म्हटलं दीड किलो तरी उतरेल. दार उघडलं, आणि नारळ घरंगळत येऊन दाराच्या तोंडाशी फिट्ट बसला. चार पाकळ्या पडल्या. मोजून चार. पालखीवर एकही नाही. नानासो माईकवर ओरडले, "पुष्पवृष्टी!"

बॅटरी संपत आली होती. आता उतरवणं आलं. छोटं विमान मी चालीच्या वेगाने हातात उतरवून घेतो. याला त्या वजनात हळू केलं असतं तर ते वरूनच कोसळलं असतं, कदाचित माणसांवर. म्हणून वेग तसाच ठेवला, रस्त्याची मधली रेघ धरली आणि खाली आणलं. चाकं टेकली, अगदी सुरेख टेकली, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. फक्त ते थांबलं नाही.

मोटर बंद, आठ किलो सहाशे वजन, उताराचा रस्ता. देवळासमोरून गेलं, मांडवासमोरून गेलं. नानासो माईक तसाच हातात धरून, मागे वायर ओढत, त्याच्या मागे पळाले. विमानाने नाथाजींचं झापाचं फाटक तोडलं, ताडपत्रीवर चढलं आणि सगळी हळद दोन्ही बाजूंना उधळत सरळ गेलं. म्हशीने दावं तोडलं. शेवटी विमान पाण्याच्या हौदावर आपटलं आणि नाक आत घालून थांबलं, वर फक्त फेट्याचा तुरा. नारळ हौदाच्या काठावर फुटला, व्यवस्थित दोन भकलं झाली.

मी पळत गेलो. माणसं गोळा झाली. कुणालाही लागलं नव्हतं, पहिल्यांदा मी तेच बघितलं. लालासाहेबांनी हौदात हात घालून तात्यांना बाहेर काढलं, सदऱ्याला पुसलं आणि म्हणाले, "फिरून आलं एकदाचं."

मग नाथाजी आले. त्यांनी फाटकाकडे बघितलं, म्हशीच्या रिकाम्या दाव्याकडे बघितलं. वर्षाची हळद गटारापर्यंत पसरली होती. त्यांचं तोंड लाल झालं. तोंडात तंबाखू होती, ती त्यांनी थुंकली.

नानासो मध्ये पडले. "काका, जाऊ द्या. पाव्हणं हायत."

"कसला पाव्हणा?" नाथाजी गरजले. "पाव्हणा असा वागतोय व्हय रं? एकोणीस वरसं उरावर बसलाय! ए उद्या! ए सुक्काळीच्या! डोस्कं वडूजला ठेवून आलास का रं, मुडद्या? म्हनं एअरफोर्स! हितं माजी हळद वाळत हुती, आन् तू बेण्या..."

नानासोंच्या हातातला माईक चालूच होता. नाथाजी त्याच्यापासून वीतभरावर उभे होते. देवळावरच्या चारी भोंग्यांतून "ए उद्या" निघालं, डोंगराला लागलं आणि परत आलं. ओढ्याच्या पलीकडे खालच्या बोरमाळलासुद्धा ऐकू गेलं असणार. नाथाजी थांबेनात. गव्हातून नेलेला ट्रॅक्टरसुद्धा निघाला, तारखेसकट. नऊ वर्षं तो त्यांनी पोटात ठेवला होता. प्रत्येक वाक्यात दोनदा माझं नाव येत होतं. उदयसिंहाचा उद्या झाला होता, पण तो मीच होतो.

मी हौदाजवळ उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. क्रांती शेजारी येऊन उभी राहिली. ती हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. "नाव आलं माईकवर," ती म्हणाली. "रडू नका म्हटलं हुतं न्हवं?"

"काका," मी म्हणालो. नाथाजींना मी पहिल्यांदाच काका म्हणालो असेन. "मी तुमाला हळद उचला म्हनलं हुतं का न्हाई? कालच! आयकलं का तुमी? आन् नानासो, तुमी! नको म्हनलेलं कळत न्हाई तुमाला? नारळ घालतंय व्हय कुणी विमानात?"

मी जन्मात पहिल्यांदा त्या गावात एवढ्या मोठ्याने बोललो. तेही भोंग्यातून गेलं. मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच.

नाथाजी हौदाकडे वळले. मग हौदातून ओला फेटा ओढून काढला, पिळला आणि माझ्या अंगावर फेकला.

"बोलतोय बग कसा. वेच ती हळद त्यात. अंधार पडायच्या आत समदी वेचायची. वाकतोस का आता, उद्या?"

मी फेटा पसरला, गुडघा सांभाळत खाली मातीत बसलो आणि हळद वेचायला लागलो. नानासो बसले, गुंडा बसला, लालासाहेब तात्यांना कडेला ठेवून बसले. बराच वेळ वेचत होतो. गुडघा फार दुखायला लागला, तेव्हा मी सवयीने मागे वळून बघितलं.

कुणीही खुर्ची आणली नव्हती.